परिचारिकांचा मानसिक ताण आणि त्याचे निवारण (मुंबई)

रुग्णसेवा करताना परिचारिकेच्या मनावर साचत जाणारा भार, आणि तो हलका करण्यासाठी तिने, तिच्या सहकाऱ्यांनी व रुग्णालयाने करायचे उपाय. सरकारी कागदांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदे असली तरी मुंबईच्या वॉर्डात ‘सिस्टर’, ‘इन्चार्ज’ आणि ‘मेट्रन’ हेच शब्द चालतात. पुरुष परिचारकाला ‘ब्रदर’ म्हणतात.

‘टेन्शन’ या एका शब्दाखाली इथे बऱ्याच वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. त्यांतली सर्वांत परिचित म्हणजे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत तिची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. अंगातले त्राण संपणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे ही तिची तीन अंगे. या व्याख्येत कारण कामात शोधले आहे, सिस्टरच्या स्वभावात नाही, आणि ते फार महत्त्वाचे आहे. दुसऱ्याचे दुःख रोज पाहून माया आटत जाते, तो करुणेचा थकवा. योग्य काय ते कळत असूनही मनुष्यबळाअभावी किंवा वरून आलेल्या आदेशामुळे ते करता येत नाही, तेव्हा होणारी नैतिक घुसमट वेगळी. अमेरिकी नीतितज्ज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी तिला १९८४ मध्ये नाव दिले. औषध चुकल्यावर रुग्णाच्या पाठोपाठ ती चूक करणारी व्यक्तीही आतून मोडते, तिला अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ म्हटले.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयाच्या (वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या) सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत ५ मागे एक. केईएम, नायर, शीव यांसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत मात्र राज्यभरातून आणि परराज्यांतूनही रुग्ण येतात. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडतात. रात्रपाळीची सिस्टर सलाईन बदलते, इंजेक्शने देते, केसपेपर भरते आणि घाबरलेल्या नातेवाइकांना उत्तरेही देते. शेजारच्या खाटेवर मृत्यू झाला तरी पुढच्या रुग्णाची औषधाची वेळ टळत नाही, आणि रडायचे राहून जाते. मनावरचा सर्वांत मोठा भार या राहून गेलेल्या रडण्याचाच असतो.

त्यात शहराचा वाटा वेगळा. बदलापूर किंवा विरारहून दक्षिण मुंबईत येणाऱ्या सिस्टरच्या ८ तासांच्या ड्युटीला लोकलचे जवळपास ३ तास जोडले जातात. नाईट करून घरी पोहोचावे तर पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळा, कुकरच्या शिट्ट्या. एका खोलीच्या घरात दिवसा झोपणे किती कठीण असते, ते रोस्टर लावणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

सुरक्षिततेची भीतीही मुंबईला जुनी आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला. त्यानंतर परिचारिकांनी सुरक्षित कामासाठी संप केला. १८ मे २०१५ रोजी अरुणा यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले तेव्हा तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी सुमारे २० गर्भवतींना पँट्रीत हलवून वाचवले आणि पुढे न्यायालयात साक्षही दिली. अशा धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण कौतुकाच्या भरात ‘सिस्टरला काही होत नाही’ अशी समजूत रूढ होते, आणि तिची विचारपूस करायची कोणाला आठवत नाही.

निवारणाचा विचार बहुतेकदा योगासने आणि प्राणायामावरच थांबतो. त्यांचा उपयोग आहे, पण ४० रुग्णांमागे दोघीच असतील तर श्वासाच्या व्यायामाने ती संख्या बदलत नाही. रिक्त पदे भरणे, सलग नाईट मर्यादित ठेवणे, पाळ्या सकाळ–दुपार–रात्र अशा पुढे सरकत लावणे आणि नाईटनंतर खरीखुरी सुट्टी देणे हे रुग्णालयाचे काम. वॉर्डात मृत्यू किंवा मारहाण झाली, तर ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, इन्चार्जने दहा मिनिटे सगळ्यांना बसवून बोलते करावे. दोष शोधण्यासाठी मात्र ती दहा मिनिटे वापरू नयेत, नाहीतर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा संरक्षण कायदा आहे आणि तो परिचारिकांनाही लागू होतो.

स्वतःपुरते करण्यासारखेही काही आहे. पहिल्या नाईटआधी दुपारी झोप घ्यावी, मध्यरात्रीनंतर चहा-कॉफी टाळावी, डबा उभ्याने न खाता बसून खावा. लोकलच्या महिला डब्यात रोजच्या मैत्रिणींशी होणारे बोलणे हा मुंबईतल्या कित्येक सिस्टरांचा मोठा आधार आहे. वॉर्डातली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे, कारण हाताशी असलेल्या औषधाची सवय लवकर लागते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कामातले मन उडाले असेल, अथवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवाही आहे. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी असते, पण आपल्याच रुग्णालयात केसपेपर काढायला सिस्टर कचरते, कारण खिडकीवरचा माणूस ओळखीचा असतो. अशा वेळी दुसऱ्या रुग्णालयात जाण्यात काही गैर नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क तिलाही आहे.