निम्मे रुग्ण लस घेतलेलेच, मग लस कशाला?

साथीत हमखास फिरणारा मेसेज: ‘भरती रुग्णांपैकी निम्म्यांनी लस घेतली होती, म्हणजे लस कुचकामी.’ ऐकायला पटतं, पण हिशोब अर्धाच आहे.

कागदावर मांडून पाहा. समजा, १००० माणसं. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. दोन्हीकडचे दहा-दहा भरती झाले. वॉर्डात निम्मे-निम्मेच दिसणार! पण ९०० पैकी १० म्हणजे नव्वदांत एक. १०० पैकी १० म्हणजे दहांत एक. म्हणजे लस न घेतलेल्यांना धोका नऊपट. असा आकडा आला की आधी विचारावं, एकूण कितींपैकी?

तुलनाही एकाच वयोगटात हवी. वृद्धांना लस अनेकदा आधी मिळते, कारण बऱ्याच साथींत गंभीर आजाराचा धोका त्यांनाच जास्त. साहजिकच वॉर्डातही तेच जास्त दिसतात, आणि लस घेतलेलेच जास्त आजारी पडतात असा भास होतो.