न शिजणाऱ्या डाळीचा हिशेब

ऑक्टोबर २०१५मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या वर गेली होती, हे बहुतेकांना आठवत असेल. डाळ महागली की आयातीच्या बातम्या येतात आणि महिन्याच्या किराण्यात काटकसर कशी करावी याचे सल्ले फिरू लागतात. त्या सल्ल्यांत भावाचा हिशेब असतो, पण आणलेली डाळ शिजायला किती गॅस खाते याचा नसतो. दोन पैसे स्वस्त मिळाली म्हणून आणलेली जुनी डाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकचते, कुकर पुन्हा चढतो आणि वाचलेले पैसे शेगडीवर जळून जातात. वर ‘हिच्या हाताला गुणच नाही’ हे ऐकावं लागतं ते वेगळंच. हाताचा इथे काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो कॅल्शियमचा.

डाळ शिजते म्हणजे नेमकं काय होतं? दाणा पेशींचा बनलेला असतो, प्रत्येक पेशीला भिंत असते, इथवर शाळेत झालेलं आहे. शेजारच्या दोन भिंतींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा एक पातळ थर असतो आणि तो मुख्यतः पेक्टिनचा असतो. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. उकळत्या पाण्यात पेक्टिनचे तुकडे पडून ते विरघळतं आणि पेशी सुट्या होतात. बहुतेक पेशी फुटत नाहीत, नुसत्या सुट्या होतात. बोटचेपी शिजलेली हरभराडाळ दोन बोटांत चुरडून पाहा, जे रवाळ लागतं ते सुट्या झालेल्या पेशींचे पुंजके असतात. न शिजलेल्या डाळीतही आतलं स्टार्च पाणी पिऊन फुगलेलं असू शकतं, पण चिकटवणारा थर सुटलेला नसतो. म्हणजे डाळ मऊ करायची तर पेक्टिन सोडवायचं.

आता त्या पेक्टिनकडे जरा जवळून पाहू. गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या शेकडो एककांची ती लांबच लांब साखळी असते. प्रत्येक एककावर एक कार्बोक्सिल गट असतो. त्यातल्या काहींवर मिथाइल गटाचं झाकण असतं, बाकीचे उघडे असतात आणि उघड्या गटांवर ऋण प्रभार असतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार असतात, त्यामुळे एकच आयन एकाच वेळी दोन साखळ्यांना धरून ठेवू शकतो. या साखळ्या सरळसोट नसतात, नागमोडी असतात. दोन साखळ्या समोरासमोर आल्या की त्यांच्यामध्ये खळगे तयार होतात आणि पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे कॅल्शियमचे आयन त्या खळग्यांत बसतात. १९७३मध्ये मांडलेल्या या रचनेला शास्त्रज्ञ ‘एग-बॉक्स मॉडेल’ असंच म्हणतात. एक-दोन आयनांनी फरक पडत नाही, पण ओळीने खळगे भरले की दोन्ही साखळ्या अशा जखडल्या जातात की उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. मॅग्नेशियमही हेच काम करतं, मात्र कमी ताकदीने. सोडियमवर एकच धन प्रभार असतो, तो दोन साखळ्यांना सांधू शकत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हे कॅल्शियम येतं कुठून? बरंचसं दाण्यातच असतं. बी आपला फॉस्फरस फायटिक आम्लाच्या, म्हणजेच फायटेटच्या, रूपात साठवून ठेवते. त्याच्या रेणूत एका कड्यावर सहा फॉस्फेट गट असतात आणि ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त यांना घट्ट धरतात. ताजी डाळ उकळायला लागली की हे फायटेट पेशींतून बाहेर येतं आणि पेक्टिनमधलं कॅल्शियम खेचून घेतं. सांधे निखळतात, डाळ मऊ होते. १९४६मध्ये मॅटसन या स्वीडिश संशोधकाने वाटाण्यांवर काम करून फायटेट आणि शिजणं यांचा हा संबंध मांडला.

जुन्या डाळीत उलटं होतं. ती उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिली की दाण्यातलं फायटेज हे विकर (एन्झाइम) फायटेटचे फॉस्फेट गट एकेक करून तोडत राहतं. मग कॅल्शियम खेचणारं फायटेट कमी उरतं. शिवाय त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होऊन पेशींच्या भिंतींकडे सरकतं. दुसरं एक विकर पेक्टिनवरची मिथाइलची झाकणं काढतं, म्हणजे कॅल्शियमला बसायला खळगे आणखी वाढतात. भिंतीतले फिनॉलिक पदार्थही हळूहळू पक्के जोडले जातात, तेव्हा सगळा दोष एकट्या फायटेटचा नाही. पण या सगळ्यांची मुळं दोनच, उष्णता आणि ओल. शेगडीच्या वरच्या फळीवर डाळींचे डबे मांडले असतील तर ते आजच हलवा. वर्षाची बेगमी करणं फायद्याचं आहे, पण डाळ कोरडी खडखडीत असेल आणि डबा घरातल्या थंड कोपऱ्यात राहणार असेल तरच. आपल्याकडे नवी तूर हिवाळ्याच्या अखेरीस बाजारात येऊ लागते. बेगमी करायची तर तेव्हा, आणि दुकानदाराला भावाबरोबर ‘नवी की जुनी?’ हेही विचारायचं.

अख्ख्या कडधान्यात आणखी एक प्रकार आढळतो, तो म्हणजे गणंग दाणे. रात्रभर भिजवूनही मटकीतले काही दाणे सकाळी खड्यासारखे टणक राहतात, कारण त्यांचं साल पाणी आत शिरूच देत नाही. त्याचा पेक्टिनशी संबंध नाही. फुगलाच नाही तो गणंग, आणि टम्म फुगूनही शिजत नाही तो जुना. पहिल्यावर उपाय म्हणजे भिजल्यावर निवडून काढणं. दुसऱ्यावर मात्र रसायनशास्त्र चालतं.

सगळ्यांत स्वस्त उपाय मिठाचा. मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही, असं ठामपणे सांगितलं जातं. खरं तर कडधान्य मिठाच्या पाण्यात भिजवलं तर ते लवकर शिजतं. लिटरभर पाण्याला दोन छोटे चमचे मीठ पुरतं. पाण्यात सोडियमचे आयन भरपूर असल्यामुळे ते पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतात आणि सोडियमला सांधा जुळवता येत नाही, हे वर पाहिलंच. सुटलेलं कॅल्शियम भिजवलेल्या पाण्याबरोबर ओतून द्यायचं. छोले, राजमा, वाल यांत हा फरक चटकन कळतो.

आंबटाच्या बाबतीत मात्र आजीचंच बरोबर आहे. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालायचे, कारण आम्लात पेक्टिनची साखळी तुटण्याचा वेग मंदावतो. सोडा याच्या नेमका उलट वागतो. त्याने डाळ झटपट गळते, पण अल्कली आणि उष्णता मिळून ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करतात. ज्या घरात प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वांसाठी डाळीवरच भिस्त आहे, तिथे हा सौदा महागात पडतो. अगदीच हट्टी जुने छोले असतील तर चिमूटभर सोडा ठीक, रोज नको.

मग येतं पाणी. ‘या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ हे गावोगावी ऐकू येतं आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या अनेक बोअरवेलचं पाणी कठीण असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आरोग्याला ते चालतं, डाळीला जड जातं. साबणाला फेस येत नसेल तर त्या पाण्यात डाळही अडणार. असं पाणी उकळून, निववून, वरचं निवळ तेवढं घ्या. तळाशी बसलेला पांढरा थर म्हणजे डाळीत जाऊ पाहणारं कॅल्शियमच. उकळून सगळी कठीणता जात नाही, पण बायकार्बोनेटची बरीचशी जाते.

आता गॅस. लिटरभर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात, तर त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला २,२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून जास्त. उघड्या पातेल्यात खळखळा उकळणारं पाणी आणि मंद आचेवर बारीक उकळणारं पाणी, दोन्ही १०० अंशांवरच असतात. डाळीला खळखळाट कळत नाही, तापमान कळतं. पातेल्यातून रोज अर्धा लिटर पाणी वाफ होऊन जात असेल आणि शेगडीची साठ टक्के उष्णता भांड्याला मिळते असं धरलं, तर रोजचा सुमारे ४० ग्रॅम गॅस नुसत्या वाफेत जातो. वर्षाला तो १४.२ किलोच्या अख्ख्या सिलिंडरपेक्षा जास्त भरतो. पातेल्यावरचं झाकण एवढ्या किमतीचं आहे.

कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं आणि पेक्टिन कितीतरी वेगाने तुटतं. महाबळेश्वरात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे तर कुकरला पर्याय नाही. पण शिट्ट्या मोजणं सोडून द्यावं. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर टाकली जाणं, आणि प्रत्येक शिट्टीबरोबर गॅस जातो. पहिली शिट्टी होऊ लागली की आच अगदी मंद करायची आणि मिनिटं मोजायची. भिजवलेल्या तुरीला आठ-दहा मिनिटं पुरतात. नंतर कुकर आपोआप निवू द्यायचा, तेवढ्या वेळातही डाळ फुकटात शिजत असते. डाळीत घातलेल्या चमचाभर तेलाने फेस बसतो आणि शिट्टी तुंबत नाही, ते काम चांगलंच आहे.

फेसावरून आठवलं. डाळीच्या फेसाने युरिक ॲसिड वाढतं, म्हणून कुकर वापरू नका, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. हे थोतांड आहे. फेस येतो तो सॅपोनिन आणि विरघळलेल्या प्रथिनांमुळे, आणि शरीरात युरिक ॲसिड बनतं ते प्युरीनपासून. फेस काढून टाकल्याने युरिक ॲसिड कमी होत नाही आणि कुकरमुळे वाढतही नाही. अशा संदेशांना घाबरून कुकर माळ्यावर टाकणाऱ्या घराचा गॅस वाढतो, एवढंच खरं. तीच गोष्ट महागड्या प्रथिनांच्या डब्यांची. मूग, कुळीथ, हरभराडाळ यांत १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात, आणि सोबत भात किंवा भाकरी असली की डाळीत कमी असलेलं मेथिओनिन आणि तांदूळ-ज्वारीत कमी असलेलं लायसिन ही प्रथिनांतली दोन्ही अमिनो आम्लं भरून निघतात.

डाळ जुनी करणारं फायटेज मोड आणताना मात्र आपल्या बाजूने काम करतं. अंकुरणाऱ्या मटकीत तेच फायटेट तोडून लोह आणि जस्त मोकळं करतं. अंकुर फुटताना बी स्वतःच्या भिंतीही सैल करू लागते, म्हणून दाणा टणक होत नाही. मोडाची उसळ लवकर शिजते आणि त्यातलं लोह अंगी लागतं. वरून लिंबू पिळलं तर आणखीच चांगलं, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. पावकिलो मटकीला मोड आले की पातेलं भरतं, ते निराळंच.

आणि डबाभर जुनी हरभराडाळ किंवा कुळीथ काही केल्या शिजतच नसेल, तर ती कुकरला लावत बसू नका, खमंग भाजून गिरणीत दळून आणा. पेक्टिन सोडवून पेशी सुट्या करायचं काम मग उरतच नाही, जात्याने भिंतीच फोडलेल्या असतात. आत राहिलेलं स्टार्च ७०-८० अंशांना फुगतं, त्याला मिनिटं लागतात, तास नाही. कोकणात कुळथाची पिठी करतात ती अशीच: लसणाची फोडणी, दोन आमसुलं, पाण्यात कालवलेलं पीठ आणि एक उकळी. इथे आमसूल आधी घातलं तरी बिघडत नाही.