उत्तर बरोबर आले, म्हणजे भाषा समजली का?

'बरणी पिशवीत मावेना, कारण ती फार मोठी होती.' या वाक्यात मोठी काय, हे सांगायला आपल्याला विचारही करावा लागत नाही. आता 'मोठी'च्या जागी 'लहान' घाला. बाकी वाक्य तसेच राहते, मात्र 'ती' म्हणजे बरणी नव्हे, तर पिशवी ठरते. दोन्ही नामे स्त्रीलिंगी असल्यामुळे व्याकरणाचा येथे काही उपयोग होत नाही. मोठी वस्तू लहान वस्तूत शिरत नाही, हे हाताळून झालेले ज्ञान कामी येते आणि ते वाक्यात कुठेही लिहिलेले नसते.

संगणकाला भाषा कळते की नाही, हे अशा वाक्यांच्या जोड्यांनी तपासावे, असे टोरांटो विद्यापीठातील हेक्टर लेव्हेक यांनी २०११ मध्ये सुचवले. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या चाचणीत यंत्राला संभाषणातून स्वतःला माणूस म्हणून खपवायचे असते, आणि तेथे प्रश्नाला बगल देऊन वेळ मारून नेता येते. जोसेफ वायझेनबॉम यांच्या १९६६ मधील 'एलायझा' या संभाषण करणाऱ्या संगणक-प्रोग्रामने समोरच्याचेच बोलणे प्रश्नरूपात परत करून अनेकांना आपलेसे केले होते. जोड्यांच्या चाचणीत ही सोय नाही. तिला संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांचे नाव दिले गेले, कारण अशा वाक्याचा गाजलेला नमुना त्यांनी १९७२ मध्ये दिला होता.

२०१६ मध्ये झालेल्या या चाचणीच्या स्पर्धेत सर्वोत्तम प्रणालीची मजल ५८ टक्क्यांपर्यंतच गेली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, प्रचंड मजकुरावर शिकवलेल्या भाषा-प्रारूपांनी (लँग्वेज मॉडेल्सनी) याच प्रकारच्या प्रश्नांत ९० टक्के ओलांडले. मजकुरातील गाळलेला किंवा पुढचा शब्द कोणता असेल, याचा अंदाज बांधत आणि चुकेल तसे अंतर्गत आकडे सुधारत ही प्रारूपे शिकतात. त्यांनी कधी बरणी उचललेली नसते. शिवाय काही प्रणालींबाबत असे आढळले, की वाक्यातील दोन नावांची नुसती अदलाबदल केली तरी उत्तर डळमळते. ज्याला वाक्य समजले आहे, त्याचे असे व्हायला नको. म्हणूनच केवळ गुणांवरून 'समजले' असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते.

पण 'ही तर नुसती आकडेमोड' असे म्हणून विषय झटकून टाकणेही तितकेच घाईचे आहे. २०२२ मध्ये संशोधकांनी एका छोट्या प्रारूपाला ऑथेलो या खेळातील चालींच्या केवळ याद्या दिल्या. पट कसा असतो किंवा नियम काय आहेत, हे सांगितलेच नाही. तरीही पुढची चाल ओळखायला शिकता शिकता त्याच्या आतल्या आकड्यांत ६४ घरांच्या पटाची स्थिती उमटली होती. ती कळण्यावर संशोधक थांबले नाहीत: त्यांनी आतला हा पट मुद्दाम बदलला आणि प्रारूपाच्या चालीही बदललेल्या पटाला धरून पडू लागल्या. म्हणजे उत्तरामागे त्या छोट्याशा जगाचे काहीएक चित्र होते आणि ते वापरलेही जात होते.

माझ्या मते शोध या दिशेने व्हायला हवा. मात्र ऑथेलोचे जग बंदिस्त आहे आणि पटाची खरी स्थिती काय, हे प्रत्येक चालीला पडताळून पाहता येते. माणसाच्या बोलण्यात वस्तू, हेतू, भीती, नाती असे सगळेच येते, आणि त्यासाठी ताडून पाहायला असा एखादा तयार पट संशोधकांच्या हाती नाही.