डबल ट्रॉली (ऊस वाहतूक)

एकाच ट्रॅक्टरला एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यावर नेण्याची महाराष्ट्रातील रीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात गाळप हंगामात रस्त्यावर अशी वाहने रात्रंदिवस दिसतात. एका चालकावर दोन ट्रॉल्यांचा ऊस गव्हाणीपर्यंत (कारखान्यात ऊस टाकायची जागा) जातो, एवढेच तिचे अर्थकारण.

खरी अडचण ओढण्याची नाही, थांबवण्याची आहे. ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन-सव्वादोन टन. मागचा भार त्याच्या कित्येक पट, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. ऑस्ट्रेलियातील रोड ट्रेन, म्हणजे एका ट्रकमागे जोडलेल्या ट्रेलरांची रांग, ५३.५ मीटरपर्यंत लांब असते, पण तिच्या प्रत्येक ट्रेलरला हवेचे ब्रेक असतात. इथे सगळी भिस्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून त्यांच्या ब्रेकचे पायडल वेगवेगळे असतात. रस्त्यावर येताना ते खिट्टीने जोडायचे राहिले, तर घाईत एकच दाबला जातो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉल्या अंगावर येतात. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची सवयही तितकीच घातक; इंजिनाचा रोध हाच तिथे खरा ब्रेक.

चढावर उलटा प्रकार. ट्रॉली जोडायचा हुक मागच्या आसापेक्षा उंच असेल, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. दोनचाकी ट्रॉल्या असतील तर दुसरीच्या दांडीचा भार पहिलीच्या शेपटावर पडतो, पहिलीची दांडी हलकी होते आणि ट्रॅक्टरची मागची चाके जागेवरच फिरू लागतात. जाणता चालक घाटाखाली एक ट्रॉली सोडतो, दुसरी वर ठेवून येतो, मग पहिलीला नेतो. वळणावर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा आत कापते; कडेच्या दुचाकीस्वाराला ते उशिरा कळते.

कायद्याने प्रत्येक ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराला २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. मागे रिफ्लेक्टर लागतातच, पण बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांखाली (उसाच्या शेंड्यांखाली) ते आणि नंबरप्लेट दोन्ही झाकली जातात. बंद पडलेली ट्रॉली अंधारात तशीच उभी राहते, चाकांना दगडांची उटी लावून. ती निघून गेल्यावर दगड मात्र रस्त्यातच उरतात.