दहातली किती वर्षं सोडाल?

‘गुडघ्याचं दुखणं घेऊन दहा वर्षं जगाल, की ठणठणीत राहून आठच?’ मालवण तालुक्यातल्या एका पडवीत मी हा प्रश्न विचारला तेव्हा दिवेलागण झाली होती. सुपारी कातरत बसलेल्या आजींनी अडकित्ता खाली ठेवला. ‘तिन्हीसांजेक असा अभद्र बोला नये रे बाबा. वास्तू तथास्तु म्हणता.’ सून हसली, पण मुलाखत काही पुढे सरकली नाही. माझ्या पीएचडीचा विषय नेमका हाच: आजारपणातल्या आयुष्याचं मोल लोकांना विचारून कसं ठरवायचं.

या प्रश्नाचा पूर्वज जुगारातला आहे. १९४४ मध्ये गणितज्ञ फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांनी खेळ आणि आर्थिक व्यवहार यांच्या सिद्धांतात अनिश्चिततेला माप लावलं. आरोग्यात त्याचं रूप झालं ‘स्टँडर्ड गॅम्बल’: एक औषध आहे, लागू पडलं तर खडखडीत बरे व्हाल, नाहीतर लगेच मृत्यू. यशाची शक्यता किती असेल तर घ्याल? आपल्याकडे अशा पेचात देवाला कौल लावतात, पण तिथे निर्णय देवाचा असतो. इथे तो माणसाच्याच गळ्यात पडतो, तोही टक्क्यांच्या भाषेत.

टक्के भल्याभल्यांना झेपत नाहीत. म्हणून कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या टॉरन्स, थॉमस आणि सॅकेट यांनी १९७२ मध्ये शक्यतेच्या जागी वर्षं ठेवली. हाच ‘टाइम ट्रेड-ऑफ’. आजारी दहा वर्षं आणि निरोगी आठ वर्षं सारखीच वाटली, तर त्या अवस्थेचं मोल ०.८. पूर्ण आरोग्य म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. हे मोल वर्षांनी गुणलं की गुणवत्तेचा हिशेब धरलेली आयुष्याची वर्षं मिळतात, आणि डायलिसिसवरचा खर्च व सांधा बदलण्यावरचा खर्च एकाच तराजूत घालता येतो. सरकारांना या गणिताची गोडी लागली ती यामुळेच.

सुरुवातीचे आकडे फार थोड्या लोकांच्या मतावर उभे होते. १९७८ मध्ये रोझर आणि काइंड यांनी इंग्लंडमध्ये आजारी अवस्थांच्या मोलाचा जो तक्ता मांडला, तो अवघ्या ७० जणांच्या उत्तरांवर. मग १९८७ मध्ये युरोपातल्या संशोधकांचा युरोकॉल गट जमला. त्यांच्या १९९०च्या प्रश्नावलीत सहा बाबी होत्या, त्यांतली एक सामाजिक संबंधांची. पुढे ती स्वतंत्र राहिली नाही आणि पाच उरल्या: हिंडणंफिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य. हीच ती ईक्यू-५डी. गणेशचतुर्थीला घरी जाता न येणं हेच ज्यांना सगळ्यात मोठं दुखणं वाटतं, अशा माणसांत वाढल्यामुळे मला त्या सहाव्या बाबीचं गळणं अजून खटकतं.

१९९३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे तीन हजार लोकांना घरी जाऊन, सरकती पाटी समोर ठेवून हाच वर्षांचा प्रश्न विचारला. त्यातून आलेली मूल्यं १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. पाचही बाबींत सगळ्यात वाईट अशा अवस्थेला मिळाले उणे ०.५९४, म्हणजे लोकांच्या लेखी मरणापेक्षाही वाईट. पुढे कित्येक देशांच्या अभ्यासांत हेच ब्रिटिश आकडे उसने घेतले गेले. भारताला स्वतःचे आकडे मिळाले ते २०२२ मध्ये. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी पाच राज्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांना लॅपटॉपवर प्रश्न विचारले. प्रत्येक बाबीला त्रासाच्या आता तीनऐवजी पाच पातळ्या होत्या, त्यामुळे पाच बाबी मिळून होणाऱ्या अवस्था २४३ वरून ३१२५ झाल्या. सगळ्यात वाईट अवस्थेचा आकडा आला उणे ०.९२३. पातळ्या बदलल्यामुळे हा आकडा यॉर्कच्या आकड्याशी थेट ताडून बघता येत नाही, तरी वाचताना पोटात गोळा येतोच.

या मुलाखतीची ठरलेली सुरुवात चाकाच्या खुर्चीच्या उदाहरणाने होते. उत्तर देणाऱ्याला खेळ कळावा म्हणून आधी विचारायचं: खुर्चीला खिळून दहा वर्षं, की त्याहून कमी पण धडधाकट? सपाट रस्त्याच्या शहरात हे सोपं उदाहरण असेल. आजींच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, एकेचाळीस पायऱ्यांची, पावसात शेवाळाने निसरडी. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा त्यांनी खुर्चीचं चित्र निरखून पाहिलं.

‘ही खुर्ची पाखाडी उतारतली कशी?’

प्रश्नावलीत याला रकाना नाही. मी समासात लिहून घेतलं. मग त्या आपणहून म्हणाल्या, ‘वर्सां काय माझ्या हातात आसत सोडूक? पण तू इचारतंस म्हणान सांगतंय, दोन सोडीन. वटीक बसान दर्या दिसता, तेवढा माका पुरे.’