टाळ्यांची वजाबाकी

आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर शुक्रवारी पाचच्या ठोक्याला एकाचं नाव झळकतं आणि खाली टाळ्यांची रांग लागते. सुरुवातीला लोक ते घरी दाखवायचे. आता ज्याचं नाव येतं तोही सोमवारी बघतो. एचआरचं म्हणणं, माणसांना किंमत नाही. मला यात सरळ वजाबाकी दिसते.

१९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींचे (डोपामिन हे संदेश पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींचे) विद्युतसंदेश टिपले. तोंडात अचानक रसाचा थेंब पडला, की या पेशी उसळायच्या. मग थेंबाआधी ठरावीक इशारा देऊ लागले. माकडाला सवय झाल्यावर पेशी इशाऱ्यालाच उसळू लागल्या आणि रस मिळताना ढिम्म! इशारा देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा नेहमीचा वेगही मंदावला. म्हणजे हा हिशेब नुसत्या रसाचा नव्हे. मिळालं त्यातून अपेक्षित वजा, असा आहे.

आणि हीच बाकी पुढची अपेक्षा ठरवते. समजा, कौतुकाचं मोल १०, अपेक्षा ०, शिकण्याचा दर (बाकीचा किती भाग अपेक्षेत मिळवायचा) ०.३. पहिल्या शुक्रवारी बाकी १०; तिच्या ०.३ पट, म्हणजे ३, ही नवी अपेक्षा. दुसऱ्या शुक्रवारी बाकी ७; तिच्या ०.३ पट, म्हणजे २.१, आधीच्या ३ मध्ये मिळवून अपेक्षा ५.१. तिसऱ्या वेळी बाकी ४.९, चौथ्या वेळी ३.४३. टाळ्या तेवढ्याच, बाकी शून्याकडे. आणि एखादा शुक्रवार चुकला, तर थेट उणे. (डोपामिनला 'आनंदाचं रसायन' म्हणत त्याचा 'डिटॉक्स' विकणाऱ्यांनी हे गणित एकदा करून बघावं.)

माकडाचा रस आणि माणसाचं कौतुक एकच कसं? जपानमधल्या २००८च्या एका प्रयोगात पैसे मिळणं आणि इतरांनी चांगलं म्हणणं, दोन्हींना मेंदूच्या स्ट्रायटम या भागाने प्रतिसाद दिला; डोपामिन पेशींचे संदेश पोचतात तोच हा भाग. अर्थात तिथे स्कॅनमध्ये रक्तप्रवाहातला बदल दिसतो, डोपामिन नव्हे. एवढी सावधगिरी हवी.

गंमत पुढे आहे. कुमार आणि एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली. समोरच्याला किती आश्चर्य वाटेल (म्हणजे बाकी किती मोठी असेल), याचा लिहिणाऱ्यांचा अंदाज कमी निघाला. त्याला अवघडल्यासारखं होईल, ही भीती मात्र जास्त.

परवा मी अकाउंट्समधल्या काकूंना म्हटलं, "मार्चमध्ये तुम्ही बिलांचा तो घोळ रात्री थांबून निस्तरलात, म्हणून आमचं पेमेंट अडकलं नाही."

काकूंनी चष्मा वर केला. "बरं, आता काय काम काढलंस?"