कान नाही, की रकाना नाही?

जागतिक आरोग्यातल्या वसाहतवादाचा, म्हणजे जगाच्या आरोग्याचं संशोधन आणि धोरण श्रीमंत देशांनीच ठरवण्याचा, विषय निघाला की तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात उरकली जाते: ‘गरीब देशांचं कुणी ऐकत नाही.’ वाक्य खोटं नाही, पण त्यात दोन निराळ्या तक्रारी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. पहिली अशी, की मी सांगितलं, तुला ते कळलंही, पण सांगणारा मी होतो म्हणून तू ते जमेत धरलं नाहीस. दुसरी अशी, की मी सांगतोय ते उतरवून घ्यायला तुझ्या वहीत जागाच नाही. पहिलीत कान बंद आहे. दुसरीत रकाना नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये या दोन्ही अन्यायांची रीतसर फोड केली. हिमानी भकुनी आणि शेये अबिंबोला यांनी २०२१ मध्ये ती चौकट जागतिक आरोग्याच्या संशोधनाला लावून दाखवली. या दोन अन्यायांची इंग्रजी नावं जड आहेत, म्हणून इथे आपण ‘साक्षीचा अन्याय’ आणि ‘अर्थाचा अन्याय’ म्हणू. किंवा सरळ कान आणि रकाना.

कानाचं उदाहरण कलकत्त्याचं. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिथले डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांचा एक लेख आला. फार खालावलेले नसलेल्या कॉलऱ्याच्या १८६ रुग्णांना त्यांनी शिरेतून सलाइन न लावता मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजलं होतं: लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम ग्लुकोज. उलट्या थांबवायला गोळ्या, शिवाय पानओव्याच्या पानांचा रस. आज मेडिकलमधून आपण ओआरएसची पुडी आणतो, तिचं हे जवळचं पूर्वरूप. लेख छापून आला आणि पडून राहिला. तोंडावाटे पाणी देण्याच्या उपचाराला वैद्यकीय जगात मान्यता मिळू लागली ती १९६८ मध्ये, ढाक्यातल्या कॉलरा प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या अमेरिकी डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह केलेल्या चाचणीनंतर. पुढे १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगावच्या (पश्चिम बंगाल) छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांनी वाटलं, आणि १९७८ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’ने या उपचाराला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं.

इथे घाईने ‘बघा, गोऱ्यांनी दाबलं’ म्हणण्यात मला अडचण वाटते. चटर्जींच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, शरीरात पाणी किती गेलं आणि बाहेर किती पडलं याचा ताळेबंदही नव्हता. शंका घेण्यासारखं होतं. पण शंका आली तर करून बघायचं ना! कॉलरा काही दुर्मीळ नव्हता, मीठ-साखर महाग नव्हती. लंडनच्या एखाद्या रुग्णालयातून हाच दावा आला असता तर त्याच्या कच्च्या बाजू पक्क्या करायला लोक लागले असते. कलकत्त्याच्या दाव्याच्या कच्च्या बाजू त्याला बाजूला ठेवायला पुरल्या.

कलकत्त्याचेच संशोधक शंभुनाथ डे यांची गोष्ट याहून स्वच्छ आहे. कॉलऱ्याचे जंतू विष सोडतात, ही जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखची १८८४ पासूनची अटकळ. डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात, जंतू पूर्ण गाळून काढलेल्या द्रवाने सशाच्या आतड्यात कॉलऱ्यासारखाच परिणाम घडवून ती सिद्ध केली. प्रयोग नेटका, छापला ‘नेचर’ या नामांकित विज्ञान नियतकालिकाने. तरी वर्षानुवर्षं दखल नाही. नोबेलविजेते अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, मिळालं नाही. १९७८ च्या नोबेल परिसंवादाला मात्र त्यांना बोलावणं आलं. काँगोचे विषाणूतज्ज्ञ जाँ-जाक मुयेम्बे यांचंही तेच: १९७६ मध्ये तिथल्या यांबुकू या गावी जाऊन त्यांनी आजारी बेल्जियन ननचं रक्त घेतलं, ते युरोपात गेलं, आणि इबोलाच्या शोधाच्या कहाणीत कित्येक वर्षं नावं युरोपातल्यांचीच घोळत राहिली.

या तिघांत एक गोष्ट समान आहे. भाषा तीच होती. विष, विषाणू, क्षार हे शब्द कलकत्त्यातही तेच आणि लंडनमध्येही तेच. डे यांना जे म्हणायचं होतं ते म्हणायला शब्द होते, कोष्टकं होती, ससे होते. कमी पडली ती पत.

आता गडचिरोलीला या. १९८० च्या दशकात खेड्यातल्या बाईसाठी आरोग्यव्यवस्थेची मुख्य दारं दोनच, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. पोटुशी असेल तर ‘माता’, नसेल तर ‘पात्र जोडप्या’तली अर्धी. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळी नीट नाही, ही बोलणी पाणवठ्यावर व्हायची. दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांना ओळ नव्हती. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जे छापून आलं त्याने जगाचे डोळे विस्फारले: ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

या बायकांचं सांगणं कुणी खोटं ठरवलं होतं का? नाही. तिथपर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती. बाईचं आरोग्य म्हणजे तिचं गर्भाशय आणि त्यातून येणारी लोकसंख्या, हे गृहीत धरून प्रश्नावल्या छापल्या जात होत्या, आणि न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देणार? पाच वर्षांनी, लोकसंख्या आणि विकास या विषयावरच्या १९९४ च्या कैरो परिषदेत ‘प्रजनन आरोग्य’ हा शब्द जागतिक कार्यक्रमाच्या मध्यभागी आला आणि मग रकाने छापले जाऊ लागले.

फ्रिकर यांच्या मूळ मांडणीत भर अनुभवाला शब्द नसण्यावर आहे. मला ते आपल्याकडे पुरतं जुळत नाही. शब्द होते की! ‘पांढरं जाणं’ ही अडाणी बाईची तोतरी भाषा नाही, नेमकी तक्रार आहे. आई लेकीला समजावते, सुईण ओळखते. नव्हता तो वरच्या कागदावर त्या शब्दाला ठाव. मुकं कोण आणि बहिरं कोण, याचा हिशेब इथे उलटा होतो.

हे रकाने आखले कुणी? उष्ण प्रदेशांच्या वैद्यकाची पहिली मोठी विद्यालयं निघाली लिव्हरपूलला १८९८ मध्ये आणि लंडनला १८९९ मध्ये. पहिल्यामागे जहाजमालकांचा पैसा, दुसऱ्यामागे वसाहत खात्याचा जोर. सैनिक, अंमलदार आणि मजूर ज्याने कोसळतात ते रोग आधी: हिवताप, पीतज्वर, निद्रारोग. बाईच्या अंगावरून पांढरं गेल्याने बंदरातलं जहाज अडत नाही.

दोन्ही अन्याय एकावर एक चढले की ओळखणं अवघड जातं. १८९७ चं पुणं घ्या. प्लेगच्या गाठी शोधायला काखा-जांघा तपासल्या जात, घरांत गोरे सोजीर शिरत. लोकांनी अर्ज केले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. अतिरेक झाल्याच्या तक्रारी अफवा म्हणून झटकल्या गेल्या. हा कानाचा दोष. पण ज्या तक्रारी वाचल्या गेल्या त्यांचंही काय झालं? ‘अब्रू’ हा शब्द सरकारी कागदात उतरताना नेटिवांचा पूर्वग्रह होऊन उतरायचा. तपासणीला रुग्णाची संमती लागते, असा रकाना त्या वर्षीच्या साथरोग कायद्यात नव्हताच. (तोच कायदा २०२० मध्ये करोनाच्या साथीतही आपण वापरला, थोडी डागडुजी करून. असो.)

आणि कधी कान मिळतो, तरी रकाना मिळत नाही. रायगड जिल्ह्यात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणारी माणसं पाहिली, लक्षणं बारकाईने टिपली, आणि १९८२ मध्ये त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’मध्ये आलं. प्राझोसिन हे साधं औषध विंचूदंशावर चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कान मिळाला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत विंचूदंश आजही नाही. सर्पदंश आला, तोही २०१७ मध्ये. भारतात सापाने माणसं मरतात घरी, वाटेवर, मांत्रिकाकडे. रुग्णालयाच्या वहीत मृत्यू लागायचा तर आधी रुग्णालय गाठावं लागतं. घरोघर जाऊन ‘माणूस कसा गेला’ असं विचारणाऱ्या अभ्यासातून २०११ मध्ये वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यूंचा अंदाज निघाला. सरकारी नोंदी त्याच्या जवळपासही नव्हत्या.

फरक कळला नाही तर औषध चुकतं. सध्या सुधारणा म्हणून जे चाललंय, म्हणजे शोधनिबंधावर स्थानिक संशोधकाचं नाव, समितीत आफ्रिकेचा नि आशियाचा माणूस, संपादक मंडळात वेगवेगळे चेहरे, ते बहुतेक सगळं कानावरचं औषध आहे. डे आणि मुयेम्बे यांना ते मिळायला हवं होतं. पण प्रश्नावली जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेतून किंवा सिॲटलच्या गेट्स फाउंडेशनमधून तयार होऊन आली, तर ती भरणारा डॉक्टर नागपूरचा आहे की नॉर्वेचा, याने पाणवठ्यावरच्या बाईला काय फरक पडतो? आपल्याकडचे शहरी डॉक्टरही तोच फॉर्म तितक्याच निष्ठेने भरतात. मला तर वाटतं, दिल्ली-मुंबईच्या माणसाला खुर्ची मिळाली की ‘झालं, निर्वसाहतीकरण झालं, वसाहतवाद संपला’ म्हणणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं.

रकान्यावरचं औषध कसं दिसतं, याचा एक नमुना पुन्हा गडचिरोलीचाच आहे. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, मोठ्याला पन्नास ही सीमा. गावातल्या सुइणींना बारापलीकडे मोजता येत नव्हतं. सोपा निष्कर्ष होता, की यांना जमणार नाही. बंग दांपत्याने मण्यांची एक पाटी केली आणि सोबत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वरची ओळ लहान बाळाची, खालची मोठ्याची. वाळू संपायच्या आत ओळीतल्या शेवटच्या, लाल मण्याला हात लागला, तर न्यूमोनिया.